पेट्रोल कुठे मुरतंय?

गाडीचं ॲव्हरेज एका दिवसात पडत नाही. टायर पंक्चर झाला की कळतं, बॅटरी उतरली की कळतं, हॉर्न गेला तर पुढच्याच वळणावर कळतं. ॲव्हरेज मात्र असं गुपचूप उतरतं की मालक म्हणतो, रहदारी वाढली असेल, हल्ली पेट्रोलातच दम नसेल, नाहीतर गाडीचं वय झालंय, चालायचंच. यातलं शेवटचं कारण सगळ्यात सोयीचं. वयाचं नाव घेतलं की कुणालाच काही करावं लागत नाही.

माझी गाडी जुनी आहे आणि ती बदलायचा विचार सध्या तरी नाही. त्यामुळे 'चालायचंच' म्हणून सोडून देणं मला जमत नाही. तिच्या मागे लागून लागून माझं एक मत बनलंय. नुसत्या वयाने इंजिन खादाड होत नाही. बारीकसारीक दुखणी अंगावर काढल्याने होतं. आणि ही दुखणी मालकापासून झाकून ठेवायचं काम गाडीतला संगणक, म्हणजे ईसीयू, अगदी इमानेइतबारे करत असतो.

कार्ब्युरेटरवाल्या, म्हणजे संगणकाविना हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या गाड्या याबाबतीत भांडकुदळ होत्या. पेट्रोल सोडणाऱ्या बारीक जेटमध्ये जरा कचरा अडकला की गचके, ठिणगी टाकणारे प्लग काळे पडले की मिसिंग, म्हणजे मधूनच ठिणगी चुकणं, सकाळी चोक ओढल्याशिवाय स्टार्टच नाही. त्रास व्हायचा, पण बिघाड झालाय हे कुणी सांगावं लागत नसे. ईसीयूच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी इंजेक्शनची गाडी शहाणी. प्लग झिजले, सेन्सर मंदावला, इंजिन नीट तापेनासं झालं, तरी ईसीयू इकडचं तिकडे करून गाडी चालती ठेवतो. या तडजोडीची किंमत तो पेट्रोलमध्ये मोजतो. मालकाला फक्त टाकी लवकर रिकामी झालेली दिसते.

म्हणून पहिली गोष्ट मोजायची. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही, तो बरेचदा गाडीची बाजू घेतो. जुनी रीत बरी. पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, नेहमीसारखी गाडी चालवायची आणि पुन्हा तशीच फुल करायची. धावलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीचा आकडा फसवा असतो, कारण नोझल कुठल्या क्षणी बंद होईल ते प्रत्येक वेळी सारखं नसतं. चारपाच टाक्यांची सरासरी काढली की चित्र स्पष्ट होतं. अजून एक पथ्य म्हणजे एका वेळी एकच बदल करायचा. प्लग, तेल, फिल्टर आणि टायरमधली हवा सगळं एकाच रविवारी केलं आणि ॲव्हरेज वाढलं, तर आनंद होतो, पण गुण कशाचा आला ते कळत नाही.

या आकड्यांची एक गंमत आहे आणि ती जुन्या गाडीच्या बाजूची आहे. लिटरला 20 किलोमीटर देणारी गाडी 22 देऊ लागली तर हजार किलोमीटरमागे साडेचार लिटर वाचतात. लिटरला 10 देणारी गाडी 12 देऊ लागली तर तेवढ्याच अंतरात साडेसोळा लिटरांहून जास्त वाचतात. दोन्हीकडे वाढ दोनच किलोमीटरची, पण बचतीत जवळजवळ चौपट फरक. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी 2008 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात माणसांचा हाच घोटाळा दाखवून दिला होता. लिटरमागे किती किलोमीटर या मापामुळे आपल्याला खादाड गाडीतली सुधारणा आहे त्यापेक्षा लहान वाटते. थोडक्यात, खटपट करायचीच तर ती जास्त खाणाऱ्या गाडीवर करावी.

आता आतला कारभार. पेट्रोल नीट जळायचं तर एक किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा लागते. एका लिटरचा हिशेब केला तर ही हवा नऊ हजार लिटरांच्या आसपास जाते. इंजिन पेट्रोल पितं असं आपण म्हणतो खरं, पण आकारमानाने पाहिलं तर ते मुख्यतः हवाच ओढत असतं. हे प्रमाण सांभाळायला एक्झॉस्टच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. बॉश कंपनीचा असा सेन्सर 1976 पासून मोटारींमध्ये येऊ लागला. धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते तो पाहतो. जास्त उरला म्हणजे पेट्रोल कमी पडलं, ईसीयू वाढवतो. काहीच उरला नाही म्हणजे पेट्रोल जास्त झालं, ईसीयू कमी करतो. सेकंदासेकंदाला हे चालू असतं.

यंत्रणा झकास आहे, पण तिची सगळी मदार त्या एका साक्षीदारावर. आणि साक्षीदार खोटं बोलत नसला तरी त्याला अर्धंच दिसतं. समजा एका सिलिंडरचा प्लग मधूनमधून ठिणगी चुकवतोय. त्या फेरीत पेट्रोल जळलं नाही, म्हणजे त्यासोबत आलेला ऑक्सिजनही वापरला गेला नाही. दोन्ही तसेच्या तसे एक्झॉस्टमध्ये आले. सेन्सरला न जळलेलं पेट्रोल दिसत नाही, ऑक्सिजन तेवढा दिसतो. तो कळवतो, ऑक्सिजन उरतोय, पेट्रोल कमी पडतंय. आणि आधीच पेट्रोल वाया घालवणाऱ्या इंजिनाला ईसीयू आणखी पेट्रोल पाजतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या जोडाला बारीक फट पडली असेल तरी हाच प्रकार होतो. बाहेरची हवा आत शिरते आणि इंजिन निर्दोष असूनही पेट्रोल वाढतं. मिसिंगचं न जळलेलं पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, तो अतोनात तापतो आणि आतून वितळतो. साध्या प्लगच्या दुखण्यातून गाडीतला एक फार महाग भाग गमावायचा हा हमखास मार्ग आहे.

म्हणून मला प्लग काढून बघायचा नाद आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे जायची भीती असते. आणि आधी प्लगच्या खाचेतली धूळ फुंकून टाकायची, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. चारही प्लग ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवतो. टोकाचा रंग फिका तपकिरी किंवा राखाडी असेल तर त्या सिलिंडरचं बरं चाललंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतंय किंवा ठिणगी कमकुवत आहे. काळा पण तेलकट, बोटाला चिकटणारा थर असेल तर इंजिन ऑइल वर येतंय. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर तिथे उष्णता फार होतेय. एकदा माझे तीन प्लग सारख्या रंगाचे निघाले आणि चौथा एकटा काजळलेला. चौघांना पेट्रोल आणि हवा पुरवणारी व्यवस्था एकच, म्हणजे दोष त्या एका सिलिंडरच्या वाट्याच्या वस्तूंत असणार. त्याची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग, शेजारच्या सिलिंडरवर लावली, गाडी थोडी फिरवली आणि पुन्हा प्लग काढले. काजळी कॉइलबरोबर शेजारी गेली होती. नवी कॉइल लावली, प्रश्न मिटला. डॅशबोर्डवर या सगळ्या काळात एकही दिवा पेटला नव्हता.

प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर गाडीप्रमाणे बहुधा 0.7 ते 1.1 मिलिमीटर असतं. तीन हजार आरपीएमला प्रत्येक प्लग सेकंदाला 25 वेळा ठिणगी टाकतो, आणि दर ठिणगीबरोबर धातूचा कण न कण झिजतो. अंतर वाढत गेलं की ठिणगीला ते ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, कॉइलवर ताण येतो, आणि चढावर जोर लावला की नेमकी तेव्हाच ठिणगी चुकते. साधे निकेलचे प्लग तीसचाळीस हजार किलोमीटरनंतर बदललेले बरे. इरिडियमचे लाखाच्या आसपास जातात, पण म्हणून ते अमर आहेत असं समजून वर्षानुवर्षं न बघणारेही असतात.

एअर फिल्टरबद्दल मात्र माझा भ्रमनिरास झाला. फिल्टर तुंबला की ॲव्हरेज पडतं, हे सगळेच सांगतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते खरं होतं. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने 2009 मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर चाचण्या केल्या, तेव्हा तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. पिकअप मात्र पडला. विचार केला तर ते पटतं. पेट्रोल इंजिनाच्या तोंडाशी थ्रॉटलची झडप असतेच आणि आपण नेहमीच्या वेगात असतो तेव्हा ती बरीचशी मिटलेली असते. हवेची वाट आपणच अडवलेली असते. फिल्टर तुंबला की तीच अडवणूक थोडी अलीकडे होते इतकंच, आणि पाय नकळत ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबून ती भरून काढतो. हवा कमी आली तर ईसीयू पेट्रोलही कमीच देतो. फिल्टर बदलू नये असं मी म्हणत नाही. तो इंजिनात धूळ जाऊ देत नाही आणि धुळीने पिस्टनच्या रिंगा झिजतात, एवढं कारण पुरे आहे. फक्त नवा फिल्टर टाकून पंपावर चमत्काराची वाट पाहू नये.

ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही तो थर्मोस्टॅट. माझ्या मते जुन्या गाडीतला सगळ्यात लबाड चोर हाच. मुठीत मावेल एवढी वस्तू. आत मेणाची कुपी असते. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, साधारण 82 ते 90 अंशांपर्यंत तापला की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जायला लागतं. तोवर वाट बंद, म्हणजे इंजिन लवकर तापावं. कालांतराने हा थर्मोस्टॅट उघडाच अडकतो. गाडी बंद पडत नाही, तापत नाही, आवाज करत नाही. उलट काटा नेहमी खालीच राहतो आणि मालक खूश होतो की आपलं इंजिन कसं थंड राहतं. तिकडे ईसीयूची समजूत अशी की गाडी आत्ताच स्टार्ट झाली आहे. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून तो जादा पेट्रोल देत राहतो. तेलही पुरतं गरम होत नाही, त्यामुळे घट्ट राहतं आणि घर्षण वाढतं. न जळलेलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात मिसळतं ते वेगळंच.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकणारे मेकॅनिक मी पाहिलेत. तापायचं खरं कारण तुंबलेला रेडिएटर किंवा बंद पडलेला पंखा असतं, ते तसंच राहतं. हा उपाय मला साफ नामंजूर आहे. तपासायला अवजारं लागत नाहीत. गाडी थंड असताना स्टार्ट करून थोडी चालवायची आणि काट्याकडे बघायचं. दहापंधरा मिनिटांत तो आपल्या नेहमीच्या जागी येऊन तिथेच थांबायला हवा. उताराला, मोकळ्या रस्त्यावर तो पुन्हा खाली घसरत असेल तर झडप उघडी आहे असं समजा.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे कूलंटचा तापमान सेन्सर. गार असताना त्याचा विद्युत रोध जास्त असतो आणि तापल्यावर कमी होतो. तार सरळ तुटली तर ईसीयूला ते कळतं आणि दिवा पेटतो. पण कनेक्टरच्या पिनांवर नुसता हिरवट गंज चढला, तर त्या गंजाचा रोध सेन्सरच्या रोधात मिळतो आणि ईसीयूला वाटतं, इंजिन आहे त्यापेक्षा गार आहे. आकडा शक्यतेच्या हद्दीतला असतो, म्हणून दिवा पेटत नाही. कनेक्टर काढून पिना साफ करून परत लावल्या तर सेन्सर न बदलताही काम होतं. जुन्या गाडीत पार्ट बदलण्याआधी त्याचा कनेक्टर साफ करावा, हा नियम मी सगळ्याच सेन्सरना लावतो. अपवाद आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरचा. त्याची तार केसासारखी नाजूक असते, तिला कापड किंवा बोट लावलंत तर हात दाखवून अवलक्षण. तिच्यासाठीचा वेगळा स्प्रे मिळतो, तो मारायचा आणि वाळू द्यायचा.

ईसीयू काय झाकतोय ते बघायची एक खिडकी आहे. स्टिअरिंगच्या खाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं. अमेरिकेत ते 1996 च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, इतरत्र जरा उशिरा आलं. त्यात लावायचा छोटा स्कॅनर फोनला जोडता येतो. दिवा पेटलेला नसला तरी 'फ्युएल ट्रिम' हा आकडा बघावा. कारखान्याने ठरवलेल्या मापापेक्षा ईसीयू किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते त्यात कळतं. शून्याच्या आगेमागे पाच टक्के असेल तर ठीक. सतत +10 टक्क्यांच्या वर जात असेल तर कुठेतरी न मोजलेली हवा शिरतेय, इंजेक्टर तुंबलाय, पेट्रोलचा दाब कमी पडतोय किंवा वर सांगितलेली साक्षीदाराची फसगत चालू आहे. तिथल्याच तापमानाच्या आकड्याने थर्मोस्टॅटचीही शहानिशा होते. ऑक्सिजन सेन्सर पुरता बिघडलेला असेल आणि तो बदलला, तर ॲव्हरेज 40 टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं असं अमेरिकी सरकारचं इंधनविषयक संकेतस्थळ सांगतं. हे टोकाचं उदाहरण झालं. ट्यूनिंग बिघडलेली गाडी ताळ्यावर आणल्याची सरासरी कमाई तिथेच 4 टक्के दिली आहे, आणि अपेक्षा एवढीच ठेवावी.

तेलाबद्दल थोडक्यात. 'जुनं इंजिन आहे, जाड तेल टाका' हा सल्ला फुकट मिळतो. इंजिन तेल पीत असेल तर एखाद्या वेळी त्यात तथ्य असतं, एरवी नाही. पुस्तिकेत तेलाचा ग्रेड 5डब्ल्यू-30 लिहिलाय तर तेच टाकावं. जाड तेल ढवळायलाही ताकद लागते आणि ती पेट्रोलातूनच येते. फरक एकदोन टक्क्यांचा, पण तो फुकटचा आहे.

इंजिनाने कमावलेलं चाकाशी गमावलं तर उपयोग नाही, म्हणून बोनेटबाहेरच्या दोन गोष्टी. टायरची हवा गाडी थंड असताना तपासावी आणि आकडा दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा घ्यावा. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. दुसरी गोष्ट चिकटणारे ब्रेक. मोकळ्या रस्त्यावरून येऊन, शेवटी ब्रेक फारसा न दाबता गाडी थांबवली की मी चारही चाकांपाशी हात नेतो. रिमला एकदम हात लावत नाही, आधी नुसती धग घेतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाहीये. ब्रेकचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना वंगण आटून जाम होतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. इंजिन पुढे ओढतंय आणि ब्रेक मागे. पिना काढून, घासून, त्यासाठीचं खास ग्रीस लावून बसवल्या की गाडी उताराला आपसूक पुढे सरकते, आणि ते बघण्यात मला प्लग बदलण्यापेक्षा जास्त समाधान मिळतं.

पेट्रोलच्या नळीला बांधायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचे दिवे यांचं काय? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, अशी शंभराहून अधिक उपकरणं तपासली आणि ॲव्हरेजमध्ये लक्षात येण्याजोगी वाढ करणारं एकही सापडलं नाही. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही ज्या इंजिनाला ते लागत नाही त्यात वाया जातं. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता, जादा ताकद नव्हे.

हे सगळं करूनही आकडा हलला नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्यावं. प्लगच्या जागी गेज लावून, पेट्रोल आणि ठिणगी बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून घ्यायचा. चारही आकडे जवळपास असावेत. एखादा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा गेल्या, कारण तेलाने फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, किंवा हेड गॅस्केट गेलंय. ज्या गाड्यांत टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचं, अंतर हाताने सेट करावं लागतं त्यांत ते कमी होऊन व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिलेला असू शकतो, आणि मग नुसत्या टॅपेट सेटिंगवर भागतं. ते आधी बघून घ्यावं. रिंगाच गेल्या असतील तर हेड उतरवावं लागणार, आणि तो खर्च पेट्रोलच्या बचतीतून वसूल व्हायला गाडी फार पळवावी लागते. तिथे ॲव्हरेजचा हिशेब बाजूला ठेवून बॉडी किती सडली आहे, गिअरबॉक्स कसा आहे आणि ही गाडी आपल्याला अजून हवी आहे का, ते बघायचं.